दिब्सची ऊब

झहले,
१८ नोव्हेंबर २०२१

नहलाबाई,

सलाम. आपली ओळख नाही. मी अफीफा घुर्रा. तुमचा भाऊ रामिझ अडीच वर्षं माझ्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, 'काही अडलं तर माझी बहीण नहला, शिवणाचं दुकान, मीना, त्रिपोली.' खाली नंबर आहे. चार वेळा लावला, चारही वेळा तुम्ही कापलात. म्हणून हे पत्र. अबू नादिरची व्हॅन मंगळवारी आणि शुक्रवारी तिकडे येते, उत्तर त्याच्याच हाती द्या.

रामिझ चार ऑक्टोबरला गेला. 'मावशी, दोन आठवडे,' म्हणाला. दोनाचे सहा झाले. तो मोठा माणूस आहे, कुठेही जावो. पण त्याचा साप माझ्याकडे आहे.

तुम्हाला माहीत असेलच. आफ्रिकेतला छोटा अजगर, हातभर काचेच्या पेटीत. द्राक्षाच्या काकवीसारखा रंग म्हणून नाव दिब्स. चावत नाही, खरं तर काहीच करत नाही. माझे यजमान शेवटच्या दोन वर्षांत जेवढे हलत होते, तेवढाच हलतो. पेटीखाली गरम होणारी चटई आहे. रामिझने तीनदा बजावलं होतं: ऊबदार बाजूला बत्तीस अंश, दुसऱ्या बाजूला सव्वीस. वीसच्या खाली गेला की आजारी पडणार, मग मरणार.

आता सरकारी वीज दिवसाला एक तास. जनरेटरवाला सकाळी अकराला बंद करतो तो संध्याकाळी पाचला चालू करतो. आज दुपारी वरच्या खोलीत सतरा अंश होते, पेटीत एकोणीस. अजून डिसेंबरही लागला नाही.

मी बहात्तर वर्षांची आहे. मला सापाचं प्रेम नाही, पण मी शब्द दिलाय. एकतर येऊन घेऊन जा, नाहीतर काय करायचं ते सांगा.

अफीफा घुर्रा


मीना, त्रिपोली
२३ नोव्हेंबर

अफीफाबाई,

मी येऊ शकत नाही. फोन करू नका. तो नंबर मी एका फोनसाठी मोकळा ठेवलाय.

सापाचं सांगते. रामिझ दोन वर्षं माझ्याशी दुसरं काही बोललाच नाही, त्यामुळे मला सगळं पाठ आहे.

वरची खोली सोडा. ज्या खोलीत तुम्ही बसता तिथे पेटी आणा, पण जमिनीवर ठेवू नका. काच थंडी धरते. तिन्ही बाजूंना आणि खाली थर्माकोल लावा. वरच्या जाळीवर जाड टॉवेल टाका, एका कोपऱ्यात चार बोटं जागा हवेला सोडा. वीज नसेल तेव्हा गरम पाण्याच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा. दोन्ही बाजूंना नको, त्याला नकोसं झालं तर सरकता आलं पाहिजे. पाणी उकळतं नको. तीन तासांनी बदला.

थंड असताना खायला घालू नका. पोटात सडतं. महिनोन्‌महिने न खाता राहतो, त्याची काळजी करू नका.

श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला किंवा तोंडाशी फेस दिसला तर कळवा.

तेवढ्याने काही झालं नाही तर त्याला उशीच्या अभ्र्यात घालून अंगाशी धरायचं. माणसाचं अंग त्याला पुरतं.

रामिझ प्रवासात आहे.

नहला


झहले,
६ डिसेंबर

नहला मुली,

तुझं पत्र पाठ केलं. आता 'तुम्ही' जमणार नाही, माझ्या स्वयंपाकघरात तुझा साप आहे.

पेटी दोन खुर्च्या जोडून त्यावर ठेवली, डिझेलच्या शेगडीपासून दोन हात लांब. थर्माकोल फ्रिजवाल्याच्या दुकानातून आणला. 'काय पॅक करतेस खाला?' म्हणून विचारलं त्याने. म्हटलं, पाहुणा. त्याला वाटलं पार्सल. डिझेल जपून जाळायचं म्हणून दुपारी शेगडी विझवते आणि पिशव्या घालते. माझ्याकडे एक होती, एक यजमानांची. तिसरी शेजारणीने दिली, तीही कशासाठी ते न सांगता घेतली. सकाळी अठ्ठावीस, दुपारी पंचवीस. बत्तीस काही होत नाही.

त्याचे गोठवलेले उंदीर मात्र गेले. वीज नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार. खोलीत वास सुटला तेव्हा कळलं. नाकाला रुमाल बांधून मी मागच्या द्राक्षवेलीखाली पुरले. सासूबाई गेल्या तेव्हाही मला एवढा खड्डा खणावा लागला नव्हता.

आता स्पष्ट बोलते. तुम्ही भावंडं आहात तरी कशी? तो 'मावशी, मावशी' करत माझ्या हातची किब्बे खाऊन गेला, आणि आता तिकडे आखातात नोकरी लागली असणार, तर दोन ओळी नाहीत. तू एका फोनसाठी नंबर मोकळा ठेवतेस आणि मी चार वेळा कापली जाते. 'प्रवासात आहे' म्हणजे काय? दोन महिने कोण प्रवासात असतं? त्याला सांग, मावशी रागावली आहे. साप बरा आहे, पण मावशी रागावली आहे.

अफीफा


मीना,
१४ डिसेंबर

अफीफाबाई,

रामिझ आखातात नाही. तो समुद्रमार्गे गेला. सात ऑक्टोबरला, इथून, इटलीसाठी. बोटीवर त्रेसष्ट माणसं होती. तिसऱ्या दिवशी एकाचा घरी फोन आला की इंजिन बंद पडलंय. त्यानंतर कुणाचाच आला नाही.

तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण तुम्ही 'दोनाचे सहा झाले' लिहिलं होतंत. म्हणजे तुमच्या लेखी तो कुठेतरी होता, नुसता उशीर करत होता. असं मानणारं एक माणूस असू दे म्हटलं.

आणखी एक आहे. ते एकदाच लिहिते.

आधीची एक बोट होती. त्याची जागा ठरली होती. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो साप घेऊन इथे आला, म्हणाला, तू ठेव. मी नाही म्हटलं. आईला भीती वाटते, दुकानात गिऱ्हाईक येतं, अशी दहा कारणं सांगितली. खरं तर मला तो जायला नको होता, आणि ते सांगायची माझी ही तऱ्हा. तो साप घेऊन परत झहलेला गेला. ठेवायला कुणी मिळेना, तेव्हा त्याने दलालाला सांगितलं, मी पुढच्या बोटीने येतो. त्याची जागा आमच्या गल्लीतल्या एकाला दिली. ती बोट पोहोचली. तो मुलगा आता तिकडे हॉटेलात भांडी घासतो. त्याची आई आम्हाला फोटो दाखवत नाही. समोर दिसली की रस्ता बदलते.

मी हो म्हटलं असतं तर रामिझ त्या बोटीत असता.

सत्तावीसच्या वर राहू दे. बत्तीस नाही झालं तरी चालेल.

नहला


झहले,
२८ डिसेंबर

नहला मुली,

पत्र मिळालं. ख्रिसमस झाला. मी चर्चला गेले आणि आले.

आईला माझा सलाम सांग.

साप सत्तावीसवर आहे. दिवसातून दोनदा जागा बदलतो. मी आता खुर्ची पेटीपाशी ओढून शिवणटिपण करते.

एक विचारते. ती पहिली बोट कोणत्या तारखेला सुटली? नक्की तारीख कळव.

अफीफा


मीना,
७ जानेवारी २०२२

अफीफाबाई,

पंचवीस सप्टेंबर, शनिवार. का विचारलंत?

इथे सगळं तसंच आहे. आई टीव्हीवर समुद्राच्या लाटांच्या बातम्या बघते. लाटा किती मीटर, वारा कुठला. ऑक्टोबरच्या वाऱ्याचं आता काय, असं मी तिला म्हणत नाही.

परवा दाढ काढली. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनचा असर चार तासांत उतरेल, मग दुखेल, गोळी घ्या. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. दुखलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गोळी तशीच ठेवलीय.

दुकान उघडते. गेल्या आठवड्यात एका नवरीचा झगा शिवून दिला. छान झाला म्हणाली. मी कसा शिवला ते आठवत नाही.

नहला


झहले,
२८ जानेवारी

नहला मुली,

बर्फामुळे आठ दिवस रस्ता बंद होता, त्यामुळे हे पत्र उशिरा. नाहीतरी मला उशीर हवाच होता.

आधी सापाचं. गेल्या बुधवारी सकाळी डिझेल संपलं. आणणारा येऊ शकला नाही, गल्ल्यांत बर्फ. जनरेटरही बंद. पिशव्या भरायला पाणी तापत ठेवलं आणि गॅस संपला. सगळं एकदम. दहा वाजता पेटीत एकवीस, अकराला वीस. मी पेटी उघडून हात लावला, तर नळाच्या पाइपासारखा गार. तोंडाशी फेस नव्हता, पण मान वळवायलाही त्याला वेळ लागत होता.

मग तू सांगितलेलं केलं. उशीच्या अभ्र्यात घातला, गाठ मारली, ब्लाउजवर पोटाशी बांधला, वरून यजमानांचा पायघोळ लोकरी झगा. तरी मला वाटेना की माझ्या अंगात त्याला पुरेल एवढं काही शिल्लक आहे. म्हणून इल्यासच्या बेकरीत गेले. रस्त्यात गुडघाभर बर्फ. त्याची भट्टी लाकडावर चालते, ती विझत नाही.

भट्टीजवळच्या बाकावर बसले. इल्यास म्हणाला, "अफीफा खाला, पोटाला काय झालंय?"

"गॅस."

"एवढा?"

"तू तुझी भाकरी बघ."

तेवढ्यात शेजारची वर्दे आली. तिने माझ्या पोटाकडे बघितलं, मग तोंडाकडे. "या वयात, अफीफा? आणि कळू तरी दे, कोण तो?"

म्हटलं, "परदेशी आहे."

सगळे हसले. मीही हसले असेन. मग तासाभराने पोटाशी काहीतरी सरकलं, सावकाश, कुणी झोपेत कूस बदलावी तसं. तेव्हा मला जे झालं ते मी तिथे कुणाला दाखवलं नाही. चार वाजेपर्यंत बसले. इल्यासने न विचारता दोनदा चहा दिला. घरी आले तोवर डिझेल आलं होतं. साप जिवंत आहे. आज अठ्ठावीस.

आता दुसरं. तारीख का विचारली ते.

रामिझने मला पंधरा सप्टेंबरला विचारलं. तुझ्याकडून परत आल्यावर, लगेचच. म्हणाला, "मावशी, काही दिवस दिब्सला सांभाळाल?" मी म्हटलं, "बघते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा आला. कॉफी केली, माझ्या खिडकीची कडी दुरुस्त केली, मग विचारलं. मी म्हटलं, बघते. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज येऊ लागला. येताना कधी खजूर, कधी नुसत्या गप्पा. अडीच वर्षांत तो जिन्यावरून सलाम करून जायचा, आता रोज तासभर बसायचा. माझ्या घरात यजमान गेल्यापासून कुणी तासभर बसलं नव्हतं. हो म्हटलं की येणं थांबेल हे मला कळत होतं. सापाची भीती वगैरे मला कधीच नव्हती. मी पहिल्याच दिवशी हो म्हणू शकत होते.

एक ऑक्टोबरला हो म्हटलं. त्याने माझ्या हाताचं चुंबन घेतलं. चार तारखेला तो गेला.

तू लिहिलंस, ठेवायला कुणी मिळेना. मिळालं होतं. तीच 'बघते, बघते' करत सोळा दिवस त्याच्या हातची कॉफी पीत बसली होती. मधे पंचवीस तारीख येऊन गेली. मला ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नव्हतं, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं तरी तारीख हलत नाही.

हे न सांगता राहता आलं असतं. एक पत्र तसं लिहिलंही. पण तू तिकडे सगळं एकटीच्या डोक्यावर घेऊन बसलीस, ते मला बघवेना.

साप आहे तोवर सांभाळेन. तू लिहिलं नाहीस तरी.

अफीफा


झहले,
१८ फेब्रुवारी

नहला,

उत्तर आलं नाही. ते बरोबर आहे. अबू नादिरला मी विचारायचं सोडलंय.

फक्त साप बरा आहे, एवढंच कळवायचं होतं. ऊबदार बाजू तीस, दुसरी सव्वीस.

अफीफा


मीना,
८ मार्च

अफीफाबाई,

तुमचं जानेवारीचं पत्र दुकानातच वाचलं. मग कापडाच्या ताग्यात ठेवलं आणि दुकान बंद होईपर्यंत काम केलं. घरी जाऊन पुन्हा वाचलं. मला राग यायला हवा होता. मी वाट बघितली. महिनाभर बघितली. आला नाही. तुमच्यावर नाही, माझ्यावरही नाही. कशावरच काही येत नाही.

पण एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती. आता लपवण्यात अर्थ नाही.

सप्टेंबरमध्ये बैरूतचा एक माणूस दिब्सला विकत घ्यायला तयार होता. पाळणारा होता, दुकानदार नव्हे. रामिझने मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, देऊन टाक आणि मोकळा हो. तो म्हणाला, "त्याच्या घराला गच्ची आहे, मुलं गच्चीवर नेऊन लोकांना दाखवतील. मला तो माणूस नाही आवडला." मी म्हटलं, वेडा आहेस. तो हसला. म्हणाला, "मावशी हो म्हणणार आहे. नुसती नाटकं करते. मलाही मजा येते."

त्याला माहीत होतं. तुम्ही का लांबवता ते त्याला माहीत होतं, आणि तो येत राहिला. बोट चुकली तेही त्यानेच ठरवलं. मला फोनवर म्हणाला होता, "जाऊ दे, दहा दिवसांनी दुसरी आहे."

हे मी आधी लिहिलं नाही, कारण मला सगळा दोष हवा होता. दोष असला की हातात धरायला काहीतरी असतं. तुम्ही त्यातला अर्धा मागायला आलात, तेव्हा मी दिला नाही. आता तो दोघींनाही ठेवता येणार नाही.

गेल्या शुक्रवारी आईने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "नहला, रमजान लागायच्या आत बसू या." पाच महिन्यांत तिने पहिल्यांदा तसं म्हटलं. जनाजा नाही, कबर नाही, नुसतं तीन दिवस दुखवट्याला बसायचं. बावीस ते चोवीस मार्च. बायका घरात बसतात.

तुम्ही या. दिब्सला घेऊन या. मीनाला थंडी कमी असते आणि मी त्याला ठेवणार आहे. आईला सांगितलंय. ती म्हणाली, "पेटीला झाकण आहे ना?" तेवढंच.

नहला


झहले,
१५ मार्च

नहला मुली,

मंगळवारच्या व्हॅनने येते. पेटी मागे, साप पोटाशी. अबू नादिरला सांगणार नाही, तो घाटात व्हॅन थांबवेल.

मला तिथे काय घालायचं ते कळव. माझ्याकडे यजमानांच्या वेळचे काळे कपडे आहेत. गळ्यात क्रॉस असतो, तो मी काढत नाही, पण आत घालेन. डोकं झाकायचं असेल तर रुमाल आहे.

आणि एक. तिथल्या बायका विचारतील, ही कोण. 'घरमालकीण' सांगितलं तर म्हणतील, भाडं मागायला आली. मी काय सांगायचं ते तू ठरव.

अफीफा


मीना,
२ एप्रिल

अफीफा मावशी,

तुम्ही गेल्यावर लगेच लिहिणार होते. आज रमजान लागला, दुकान लवकर बंद केलं, म्हणून आता.

तुम्ही स्वयंपाकघरात कप विसळत होता तेव्हाची गोष्ट तुम्हाला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आईची मामेबहीण आली, सगळ्यांचं सगळं विचारणारी. तिने तुमच्याकडे बोट करून विचारलं, ती कोण. मी तोंड उघडायच्या आधी आई म्हणाली, "रामिझची झहलेची मावशी. शेवटचे दिवस त्याने तिच्याकडे काढले." बाईने कॉफीचा एक घोट घेतला. मग म्हणाली, "कॉफी चांगली करते."

मला तेव्हाही रडू आलं नाही. परवा आलं, कारण नसताना, बटणाचं काज करताना. फार नाही. दोन मिनिटं. मग काज पुरं केलं. दाढेच्या जागी मात्र आता थोडं दुखतं.

दिब्स माझ्या खोलीत आहे. आई दारातून बघते, आत येत नाही. काल तिने विचारलं, याला रमजान कळतो का, खात नाही म्हणून. मी म्हटलं, हा नोव्हेंबरपासूनच रोजा ठेवून आहे. ती हसली नाही, पण दारातून लगेच गेलीही नाही.

तुम्ही निघताना म्हणालात की वरची खोली तशीच ठेवणार. नका ठेवू. त्याचे कपडे मला व्हॅनने पाठवा आणि खोली भाड्याने द्या. कुणी बोलणारा बघा, नुसता जिन्यावरून सलाम करून जाणारा नको. आणि तो काही मागायला आला, तर पहिल्या दिवशी हो म्हणू नका. दोन-चार दिवस येऊ दे त्याला कॉफीला.

तुमची,
नहला